पसरतो म्हणजे काय? : कर्करोगाच्या एका कल्पनेचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. कॅन्सरवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं खरं, पण त्या डॉक्टरकीनं आजवर कुणाचा साधा ताप उतरलेला नाही. त्यामुळे औषध सांगायला मी उभा नाही. मी सांगणार आहे तो एका कल्पनेचा इतिहास. "कॅन्सर पसरतो" असं आपण सहज म्हणून जातो. पण पसरतो म्हणजे नेमकं काय होतं? माणसानं याची गेल्या दोन हजार वर्षांत तीन-चार निरनिराळी चित्रं रंगवली. आणि गंमत अशी, गंमत कसली, दुःखाची गोष्ट अशी, की ज्या काळी जे चित्र वैद्याच्या डोक्यात होतं त्याप्रमाणेच त्याचं शस्त्र चाललं. चित्र बदललं तेव्हाच उपचार बदलला.

आपल्या जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली जा, या रोगाबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "चाकू लागला की पसरतो." दुसरं, "पसरला म्हणजे संपलं." पहिल्या वाक्यामुळे माणसं वेळेवर दवाखान्यात जात नाहीत आणि दुसऱ्यामुळे गेलेली माणसं उपचार अर्धवट सोडून परत येतात. म्हणजे ही नुसती वाक्यं नाहीत, यांनी जीव जातात. ती खरी किती आणि खोटी किती, हे इतिहासाच्या अंगानं तपासू या.

सुरुवात जुन्यांपासून करू. ग्रीक वैद्य गॅलन, इसवी सनाचं दुसरं शतक. त्याचं म्हणणं असं, की शरीरात चार रस आहेत, त्यांतलं काळं पित्त वाढलं की कर्करोग होतो. म्हणजे गाठ हे वरचं लक्षण, रोग मुळात सगळ्या शरीराचा. आता, रोगच सगळ्या शरीराचा असेल तर गाठ कापून उपयोग काय? म्हणून शतकानुशतकं वैद्य शस्त्र हातात घ्यायला कचरत राहिले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' आहे. एका अर्बुदावर किंवा त्यामागोमाग दुसरं उत्पन्न झालं तर त्याला 'अध्यर्बुद' असं वेगळं नाव दिलेलं आहे. आणि चिकित्सास्थानात एक फार व्यवहारी सूचना आहे : अर्बुद काढताना थोडाही शेष ठेवला तर ते पुन्हा वाढतं, म्हणून निःशेष काढावं. आता यावरून "आमच्याकडे सगळं आधीच होतं" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. सुश्रुताला पेशी माहीत नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता. पण 'उरलेलं पुन्हा उगवतं' हे निरीक्षण त्यानं केलं, आणि निरीक्षणाचा मान निरीक्षणाला द्यायलाच हवा.

पुढे १८२९ साली पॅरिसमध्ये रेकामिए नावाच्या डॉक्टरनं 'मेटास्टॅसिस' हा शब्द कर्करोगाच्या दूरच्या गाठींसाठी वापरला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जागा बदलणं, स्थलांतर. मराठीत हल्ली 'विक्षेप' किंवा 'दूरप्रसार' म्हणतात. नाव मिळालं. पण जागा बदलतं ते काय? जर्मनीत रुडॉल्फ फिर्खोनं १८५८ साली पेशींवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हे त्यानं ठासून मांडलं. एवढा मोठा माणूस, पण दूरच्या गाठी कशा होतात या प्रश्नावर त्यालाही वाटत होतं की मूळ गाठीतून कसलासा रस वाहत जातो आणि तिकडच्या पेशींना बिघडवतो. १८६५ मध्ये कार्ल थिअर्शनं दाखवलं की रस नव्हे, खुद्द पेशीच प्रवास करतात. म्हणजे यकृतात जी गाठ दिसते ती यकृताची नव्हे, ती स्तनाची पेशी यकृतात जाऊन राहिलेली असते. हा मुद्दा आजही घरोघरी समजावून सांगावा लागतो. "आधी छातीचा होता, आता हाडाचा पण झाला" असं लोक म्हणतात. तसं नाही. तो छातीचाच आहे, हाडात मुक्कामाला गेलाय. म्हणूनच त्याला औषधही छातीच्याच कॅन्सरचं लागतं.

बरं, पेशी प्रवास करतात हे ठरलं. मग त्या कुठंही का जात नाहीत? इथे येतात लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट. १८८९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्तनाच्या कर्करोगानं दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून एक लेख लिहिला. त्यांना दिसलं की यकृतात गाठी भरपूर, प्लीहेत मात्र अगदी तुरळक. रक्त तर प्लीहेलाही भरपूर मिळतं! नुसतं रक्ताबरोबर वाहत जाणं हेच कारण असतं तर हा फरक पडला नसता. पॅजेट म्हणाले, झाडाचं बी वाऱ्यावर चहूकडे उडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. इंग्लंडमधल्या माणसाला हे सुचायला ७३५ नोंदी वाचाव्या लागल्या. आपल्याला, काळ्या कसदार रानातलं कपाशीचं बी मुरमाड बरड्यावर टाकलं तर काय होतं, हे लहानपणापासून ठाऊक असतं. बी आणि जमीन, दोन्ही जमावी लागतात. ही एवढी साधी गोष्ट पुढची ऐंशी-नव्वद वर्षं बऱ्याच अंशी बाजूला पडून राहिली. का, ते सांगतो.

कारण त्याच सुमाराला अमेरिकेत एक अतिशय प्रभावी माणूस उभा होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे विल्यम हॉल्स्टेड. त्यांचं चित्र वेगळं होतं. कर्करोग आपल्या जागेवरून सलग, पायरीपायरीनं, आधी शेजारी, मग काखेतल्या गाठींत, मग पुढे असा सरकतो. हे चित्र कशाचं आहे? हराळीचं. हराळी बांधावरून मुळ्या टाकत टाकत रानात शिरते. शेतकरी काय करतो? खोल खणतो, एक कांडी उरू देत नाही. हॉल्स्टेडनी तेच केलं. १८९४ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अनुभव छापला. पूर्ण स्तन, खालचे छातीचे स्नायू, काखेतल्या सगळ्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. त्या जागी रोग उलटण्याचं प्रमाण खरोखर पुष्कळ घटलं. त्यामुळे ही शस्त्रक्रिया जगभर पोचली आणि पाऊणशे वर्षं तिनं राज्य केलं. पण बायका पुढे कशानं जात होत्या? यकृतात, फुप्फुसात, हाडांत निघालेल्या गाठींनी. त्यावर शल्यचिकित्सकांचं उत्तर असायचं, म्हणजे आपण पुरेसं कापलं नाही. अजून कापा.

तर्काच्या दृष्टीनं हे बघा. सिद्धान्त असा की कापल्यानं बरं होतं. बरं झालं तर सिद्धान्त खरा ठरला. नाही झालं तर कापणं कमी पडलं, म्हणजे सिद्धान्त तरीही खराच! ज्या सिद्धान्ताला हरायची सोयच ठेवलेली नाही, तो शास्त्राचा सिद्धान्त नव्हे, ती श्रद्धा झाली. तिला हरायची सोय करून दिली पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी.

फिशर यांचं चित्र हराळीचं नव्हतं, गाजरगवताचं होतं. ही उपमा माझी, त्यांची नव्हे. गाजरगवत बांधावर फुललेलं दिसतं तोवर त्याचं बी वाऱ्यानं, पाण्यानं, गाडीच्या चाकाला चिकटून कुठच्या कुठे गेलेलं असतं. मग बांध कितीही खोल खणा. फिशर म्हणाले, गाठ हाताला लागते तोपर्यंत पेशी बाहेर पडलेल्या असू शकतात. त्या पडल्या असतील तर जास्त कापून काही फरक पडणार नाही, आणि नसतील पडल्या तर कमी कापूनही भागेल. आता हे नुसतं म्हणून चालत नाही, तपासावं लागतं.

तपासायचं कसं? आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक सांगितलेत. कारण असलं की कार्य असतं, हा अन्वय. कारण नसलं की कार्य नसतं, हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयानं फसगत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला दोष देतो. म्हणून दोन सारखे गट हवेत, एकाला उपचार, दुसऱ्याला नाही किंवा वेगळा. आणि कुणाला कोणता गट, हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हे तर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायला हवं. फिशर यांच्या गटानं १९७१ साली अशी चाचणी सुरू केली. तीत १,६६५ स्त्रिया होत्या. काहींना हॉल्स्टेडची मोठी शस्त्रक्रिया, काहींना स्नायू शाबूत ठेवणारी लहान. पंचवीस वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये निकाल छापला : जगण्यात फरक नाही. पाऊणशे वर्षं काढलेले ते स्नायू विनाकारण गेले होते. मग पुढच्या चाचण्यांत दिसलं की फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला किरणोपचार दिले, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात, तरी तेवढंच जगता येतं. आणि बी जर आधीच उडालं असेल तर ते जिथं असेल तिथं गाठणारं औषध हवं. १९७६ साली मिलानच्या बोनाडोना यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमो दिली तर रोग उलटण्याचं प्रमाण घटतं. शस्त्रक्रिया झाल्यावर, सगळं काढल्यावर "आता केमो कशाला?" असं लोक विचारतात ना, त्याचं उत्तर हे. न दिसणाऱ्या बियांसाठी.

आता बी जातं तरी कसं, ते थोडं शास्त्र सांगतो. आपल्या पेशी एकमेकींना धरून असतात. त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं असतात, ई-कॅडहेरिन हे त्यांतलं एक. कर्करोगाच्या काही पेशींत ही पकड सुटते. सुटलेली पेशी अवतीभवतीचं अस्तर विरघळवणारी विकरं सोडते, वाट काढते, आणि रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरते. तिथे तिची धडगत नसते. रक्ताचा जोर, प्रतिकार करणाऱ्या पेशी, सगळे तिच्या मागे. १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडून मोजल्या. चोवीस तासांनी त्यांतल्या एक टक्काही जिवंत नव्हत्या, आणि गाठ धरण्यापर्यंत पोचणाऱ्या त्याहूनही कितीतरी कमी. फिडलरनी पॅजेटचं विस्मृतीत गेलेलं बी आणि माती पुन्हा वर काढलं. म्हणजे पसरणं हे पूर आल्यासारखं नाही, ती फार अवघड वाट आहे. प्रत्येक पायरीवर बहुतेक पेशी मरतात. आणि जी गोष्ट इतक्या पायऱ्यांवर अवलंबून आहे, तिला प्रत्येक पायरीवर अडवता येण्याची आशा असते.

जी पेशी रुजते तिचीही दोन रूपं. एक लगेच वाढते. दुसरी वर्षानुवर्षं निपचित पडून राहते, तणाच्या बियासारखी, आणि पाऊस मानवला की उगवते. म्हणूनच दहा वर्षांनी उलटलेला रोग दिसतो आणि म्हणूनच काही बायकांना हार्मोनविरोधी गोळी पाच किंवा दहा वर्षं घ्यायला सांगतात. ती मध्येच सोडू नका. आणि जमिनीवरही उपचार असतो बरं का. हाडात गेलेली पेशी हाड खाणाऱ्या आपल्याच पेशींना चिथावते, हाड विरघळताना जी वाढीची द्रव्यं सुटतात ती या पेशीला खत म्हणून मिळतात, की ती पुन्हा चिथावते. असं दुष्टचक्र. हाड विरघळणं थांबवणारी जी इंजेक्शनं देतात ती बियाला मारत नाहीत, जमीन नापीक करतात.

आता आपल्याकडे येऊ. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या आणि दोराबजींच्या पश्चात, टाटा ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. विकृतिशास्त्राची बाजू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी उभी केली. १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. तारीख लक्षात ठेवा, १९५५. सत्तर वर्षं होऊन गेली. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, आणि टपरीवर काय मिळतं ते मी तुम्हाला सांगायला नको. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, पुण्याच्या. अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत ती प्रयोगशाळा त्यांनी उभारली. पेशी कशी वागते हे बघायचं तर ती जिवंत बघायला मिळाली पाहिजे, हा त्यामागचा साधा विचार.

आणि मग याच परळमधून गेल्या काही वर्षांत तीन चाचण्या निघाल्या. तिन्ही 'पसरण्या'बद्दलच्या. त्या एकापुढे एक ठेवल्या की माझा आजचा मुद्दा पुरा होतो.

पहिली तोंडाच्या कर्करोगाची. हा रोग बहुधा आधी मानेतल्या गाठींत उतरतो. पण सुरुवातीच्या रुग्णाची मान तपासली तर हाताला काही लागत नाही. मग मान उघडायची की नाही? घरचे म्हणतात, "मानेत काही नाही, तर मान कशाला कापता?" डॉक्टरांतही दोन मतं होती. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या गाठी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसेल तेव्हा काढू म्हणून वाट पाहिली. २०१५ साली ५०० रुग्णांचा निकाल आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. शंभरात बारा-तेरा माणसं!

मीमांसक यावर हसले असते. त्यांनी 'अनुपलब्धी' नावाचं प्रमाण मानलं आहे. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्याला त्यांनी एक अट घातली : योग्य अनुपलब्धी हवी. म्हणजे वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच 'दिसत नाही म्हणून नाही' म्हणता येतं. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं होत नाही. मानेतली कणभर पेशी बोटाला लागण्याजोगीच नाही. म्हणून 'लागत नाही, म्हणजे नाही' हा तर्क तिथे चालत नाही.

दुसरी चाचणी उलट दिशेची. स्तनाचा कर्करोग, पण निदानाच्या वेळीच दूर पसरलेला. अशा बाईची छातीतली गाठ काढायची का? मन म्हणतं, काढाच. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी केमोला दाद देणाऱ्या अशा ३५० स्त्रियांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. निकाल २०१५चाच. ज्यांची गाठ काढली त्यांचं मध्यक आयुर्मान १९.२ महिने, ज्यांची नाही काढली त्यांचं २०.५ महिने. म्हणजे काढून जगणं वाढलं नाही, उलट दूरच्या गाठींची वाढ काढलेल्या गटात थोडी जास्तच दिसली. म्हणून अशा वेळी डॉक्टर शस्त्रक्रियेला 'नको' म्हणतात.

हे सांगताना मला घाटाखालच्या एका बाई आठवतात. छातीत गाठ आली, वर्षभर त्यांनी पदराखाली ठेवली. जावेनं सांगितलं होतं, सुई टोचली की पसरेल. पाठ दुखायला लागली तेव्हा दाखवलं, तोवर हाडात गेलेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नाही, गोळ्या घ्या. घरचे रागावले, डॉक्टरांनी हात वर केले म्हणाले, बाईंना घेऊन परत निघाले होते. हात वर केलेले नव्हते. शास्त्रानं जे दाखवलं तेच ते करत होते, फक्त का, हे कुणी बसून सांगितलं नव्हतं. शेवटी बाईंनी गोळ्या घेतल्या, हाडाची इंजेक्शनं घेतली, आणि तीन हंगाम स्वतःच्या पायांनी शेतात गेल्या. लवकर आल्या असत्या तर कदाचित आजही असत्या. पण ती तीन वर्षं 'संपलं' या शब्दात बसत नाहीत.

बघा, एकीकडे काही दिसत नसताना कापा, दुसरीकडे ढळढळीत दिसत असताना कापू नका. वरवर विरोध वाटतो. पण चित्र एकच आहे : बी कुठवर गेलंय? वाटेतल्या पहिल्या ठाण्यावर असेल तर तिथेच अडवा. रानभर गेलं असेल तर बांध खणून उपयोग नाही.

तिसरी चाचणी मला सगळ्यांत रोचक वाटते, कारण ती थेट आपल्या 'चाकू लागला की पसरतो' या वाक्याला भिडते. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला धक्का बसतो, अवतीभवती बदल होतात, त्या क्षणी काही पेशी निसटण्याची शक्यता वाढते का? बडवे आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. दात काढताना हिरडीत मारतात ते लिडोकेन, स्थानिक भुलेचं औषध, त्यांनी शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती टोचलं. कर्कपेशींच्या कवचावर सोडियमच्या वाहिन्या असतात, त्यांचा पेशींच्या हालचालीशी संबंध असतो, आणि लिडोकेन त्या बंद करतं, असा त्यामागचा विचार. देशातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया. २०२३ साली निकाल छापला. पाच वर्षं रोगमुक्त राहिलेल्या, इंजेक्शनच्या गटात ८६.६ टक्के, दुसऱ्या गटात ८२.६. हयात असलेल्या ९०.१ आणि ८६.४. शंभरात जवळजवळ चार. आणि खर्च? इंजेक्शन शंभर रुपयांच्या आत. ही एकच चाचणी आहे, दुसऱ्या गटाला बिनऔषधाचं खोटं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, त्यामुळे इतर ठिकाणी ती पुन्हा करून बघायला हवी असं जाणकार म्हणतात. ते बरोबरच आहे. जे हॉल्स्टेडना लागू तेच बडव्यांना.

पण मग जावेचं म्हणणं खरं ठरलं का? नाही. नीट ऐका. ज्या गटाला इंजेक्शन मिळालं नाही, पण शस्त्रक्रिया झाली, त्यातल्याही शंभरातल्या ८६ स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. गाठ तशीच ठेवली तर ती रोज बी उडवतच राहते, चाकू न लागता. चाकूची भीती वाटते कारण पूर्वी आपली माणसं इतक्या उशिरा पोचायची, की शस्त्रक्रियेआधीच रोग पसरलेला असे. ऑपरेशन झालं, सहा महिन्यांत माणूस गेला. कावळा बसला, फांदी तुटली. आणि निदानासाठी तुकडा काढण्याबद्दल म्हणाल, तर काही मोजक्या अवयवांत डॉक्टर विशेष काळजी घेतात, पण तोंडातल्या चट्ट्याचा किंवा छातीतल्या गाठीचा तुकडा काढायला घाबरण्याचं कारण नाही. त्याशिवाय औषध ठरतच नाही.

राहिलं दुसरं वाक्य, "पसरला म्हणजे संपलं." टाटामधूनच २०२३ साली आणखी एक अभ्यास आला. तोंड-घशाचा, पूर्ण बरा होण्याच्या पलीकडे गेलेला कर्करोग. अशा १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना स्वस्त गोळ्यांची केमो, निम्म्यांना त्याबरोबर निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध, पण नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी. एक वर्षानं हयात, पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४. हे औषध पूर्ण मात्रेत आपल्या माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. कमी मात्रेत काम होतं का, हा प्रश्न श्रीमंत देशांनी विचारला असता असं मला वाटत नाही. तो परळलाच विचारला गेला, कारण शेगावहून, मलकापूरहून रात्रीची गाडी धरून येणारा माणूस सकाळी त्यांच्या दारात उभा असतो.

सार सांगतो. गॅलनचं काळं पित्त, हॉल्स्टेडची हराळी, फिशरचं उडणारं बी, पॅजेटची माती. प्रत्येक चित्रात थोडं खरं होतं. चूक चित्र काढण्यात नसते, ते तपासायला न देण्यात असते. आपल्या घराघरांतली ती दोन वाक्यंही चित्रंच आहेत, आणि तीही तपासली पाहिजेत. तोंडात चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, छातीत गाठ लागली, तर पदराखाली ठेवू नका. आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा, हक्कानं विचारा : रोग कुठवर गेलाय? या उपचाराचा हेतू बरं करणं आहे की आवरून धरणं? आणि हा उपचार नाही घेतला तर काय? एवढं बोलून थांबतो.

(व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन)

प्रश्न : सर, कॅन्सर परत येऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी निघाली असं मोबाइलवर फिरत होतं. ते खरं का?

ती बातमी २०२४ सालची. टाटामधले डॉ. इंद्रनील मित्रा यांची एक वेगळी कल्पना आहे. मरणाऱ्या कर्कपेशींतून गुणसूत्रांचे कण बाहेर पडतात आणि ते निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवतात, असं ते म्हणतात. गंमत बघा, फिर्खोच्या रसाची आठवण यावी अशी ही कल्पना आहे! त्या कणांना निकामी करायला रेझव्हेरेट्रॉल आणि तांबं यांची गोळी ते तपासत आहेत. कल्पना विचार करण्याजोगी आहे, पण शास्त्रात ती सर्वमान्य झालेली नाही, आणि त्या गोळीनं माणसात रोग उलटायचा थांबतो हे मोठ्या चाचणीनं सिद्ध झालेलं नाही. चालू उपचार सोडून तिच्या मागे लागू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांचा गळ्याचा कॅन्सर पसरला आहे. घरातले त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवतात. तो आम्हाला लागेल का?

नाही. एका शरीरातली कर्कपेशी दुसऱ्या शरीराच्या मातीत रुजत नाही, आपलं शरीर तिला परकी म्हणून मारतं. 'पसरतो' हा शब्द आपण साथीच्या रोगालाही वापरतो आणि यालाही, त्यातून हा घोटाळा होतो. हा एकाच शरीरात पसरतो. आज घरी गेलात की वडिलांचं ताट तुमच्या ताटाशेजारी मांडा.